वडिलांच्या स्मार्टवॉचची बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नाही: काय बंद करावे आणि काय चालूच ठेवावे?

बालिंग्याची लेक | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. ते कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळच्या घरात एकटे राहतात आणि मी लग्नानंतर राजारामपुरीत असते. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर फेरी, घरी येऊन न्याहारी, आणि मग दुपारी तीनपर्यंत बालिंग्याच्या उसाच्या रानात काम, असा त्यांचा ठरलेला दिनक्रम आहे. मागच्या दिवाळीच्या सुमारास ते बांधावरून घसरून पडले आणि त्यांना बराच वेळ उठता आले नाही. शेजारच्या रानातल्या माणसाचे लक्ष गेले म्हणून निभावले. त्यानंतर मी त्यांना, माणूस पडल्याचे ओळखून घरच्यांना कळवणारे स्मार्टवॉच घेऊन दिले.

घड्याळ ४० मिलिमीटरचे आहे, त्याला ॲमोलेड स्क्रीन आहे आणि बॅटरी ३०० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचे माप) आहे. त्यात सिम नाही, ते ब्लूटूथने आबांच्या फोनशी जोडलेले असते. कंपनीचे नाव देत नाही, कारण सगळीकडे वाचून पाहिल्यावर हा प्रश्न एकाच कंपनीचा नाही असे दिसते. अडचण अशी आहे की पहाटे १०० टक्के भरलेली बॅटरी संध्याकाळी सहाला १५ टक्क्यांवर येते, आणि आबा रानातून यायला उशीर करतात त्या दिवशी घड्याळ वाटेतच बंद पडते. दुरुस्ती केंद्रात दाखवले तेव्हा बॅटरी चांगली असल्याचे सांगून त्यांनी सगळ्या सोयी बंद ठेवायला सांगितल्या. सगळ्याच सोयी बंद ठेवायच्या असत्या, तर चावीचे घड्याळ काय वाईट होते? कोणती सोय किती बॅटरी खाते हे कोणी नीट समजावून सांगितले, तर काय सोडायचे आणि काय राखायचे हे मला ठरवता येईल.

करवीर निवासी | सोमवार, रात्री ९:५२

ताई, माझ्या अनुभवाने सांगतो. तबकडी पूर्ण काळ्या रंगाची लावा, ब्लूटूथ लागेल तेव्हाच चालू करा आणि नाडीचे सततचे मापन बंद करा. आठवड्यातून एकदा बॅटरी शून्यावर आणून मग पूर्ण चार्ज करा, म्हणजे बॅटरीला वळण लागते. माझे घड्याळ अशा रीतीने पाच दिवस चालते.

सायबर चौक | सोमवार, रात्री ११:२०

मी छोट्या विद्युत उपकरणांचे सर्किट आणि सॉफ्टवेअर करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम करवीर निवासी यांच्या सूचनांविषयी, आदर राखून. बॅटरी पूर्ण उतरवून मग भरावी हा नियम निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांचा होता. आताच्या घड्याळांतल्या लिथियम-आयन बॅटरीला तसे वळण लागत नाही, उलट पुन्हा पुन्हा शून्यावर नेल्याने तिचे आयुष्य कमीच होते. काळ्या तबकडीची सूचना ॲमोलेडसाठी बरोबर आहे, कारण त्या पडद्यावर प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. मात्र अनेक स्वस्त घड्याळांमध्ये एलसीडी पडदा असतो. त्याच्या मागचा दिवा पूर्ण पडद्यामागे पेटलेला असतो, त्यामुळे तिथे तबकडी काळी असो वा पांढरी, खर्चात फरक पडत नाही. आणि ब्लूटूथ बंद करण्याची सूचना ताईंनी कृपया पाळू नये, कारण ज्या कामासाठी घड्याळ घेतले तेच काम त्याने बंद पडेल.

आता हिशेब पाहू. आजच्या फोनची बॅटरी साधारण ५,००० एमएएचची असते. आबांच्या घड्याळाची ३०० आहे, म्हणजे फोनच्या सतराव्या हिश्श्याएवढी. साडेबारा तासांत ८५ टक्के म्हणजे २५५ एमएएच खर्च झाले, म्हणून सरासरी विद्युतप्रवाह सुमारे २० मिलिअँपिअर निघतो. ३०० एमएएचच्या बॅटरीवर दोन दिवस काढायचे असतील, तर ही सरासरी सहाच्या आसपास आली पाहिजे. आपल्याला हे १४ मिलिअँपिअर कुठे जातात ते शोधायचे आहे.

पडल्याचे ओळखणारी सोय ही बव्हंशी हालचाल मोजणाऱ्या सेन्सरवर चालते आणि त्याचा खर्च इतका थोडा असतो की ती बंद करून हाती काहीच लागत नाही. नाडी मोजणारे हिरवे दिवे त्याहून जास्त घेतात, पण तेही क्षणभर लुकलुकतात आणि विझतात. खरे खाणारे तीनच आहेत: पेटलेला पडदा, जीपीएस आणि रेडिओ, म्हणजे वाय-फाय, मोबाईल नेटवर्क आणि तुटून पुन्हा जोडले जाणारे ब्लूटूथ. पडदा किती घेतो याचा अंदाज कंपन्यांच्याच आकड्यांवरून येतो. गॅलेक्सी वॉच ६ साठी कंपनी सतत पेटता डिस्प्ले बंद असताना ४० तास आणि चालू असताना ३० तास असे सांगते. म्हणजे त्या एका सोयीची किंमत पाव दिवसाहून अधिक आहे.

तरीही अंदाजाने बटणे बंद करत सुटू नका. दिवसाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बॅटरीचा आकडा लिहून ठेवा, आणि एक रात्र घड्याळ चार्जिंगला न लावता हातातच राहू द्या. बॅटरी कुठे गळते हे त्या आकड्यांवरून बऱ्यापैकी उघड होईल.

करवीर निवासी | मंगळवार, सकाळी ७:०५

माझे घड्याळ एलसीडीचे आहे, हे आता तपासून पाहिले. म्हणजे काळ्या तबकडीचा माझ्या घड्याळाला काहीच उपयोग नव्हता. पाच दिवस टिकण्याचे कारण बहुधा ब्लूटूथ बंद ठेवणे हेच असावे. माहितीबद्दल आभारी आहे.

घाटवाट | मंगळवार, दुपारी १:३०

जीपीएसविषयी थोडे लिहितो, कारण पन्हाळा ते पावनखिंड ही दोन दिवसांची वाट मी पावसाळ्यात घड्याळ लावून चाललो आहे. पहिल्या वर्षी घड्याळ पहिल्याच दुपारी संपले. नंतर लक्षात आले की मी सर्व उपग्रह प्रणाली आणि त्यांच्या संकेतांच्या दोन्ही वारंवारिता एकाच वेळी वापरणारा पर्याय निवडला होता. उंच इमारतींच्या शहरात किंवा खोल दरीत त्याचा उपयोग असतो, पण उघड्या पठारावर साधा जीपीएस पुरतो. पुढच्या वर्षी मी मार्गाची नोंद फोनवर घेतली आणि घड्याळावर फक्त पावले आणि नाडी ठेवली.

दुसरी गोष्ट पावसाची. जोराच्या पावसात थेंब पडद्यावर पडतात, पडद्याला ते बोटाच्या स्पर्शासारखे वाटतात, आणि पडदा पुन्हा पुन्हा उजळत राहतो. बहुतेक घड्याळांत पाण्यात वापरण्यासाठी स्पर्श बंद करणारा पर्याय असतो. आबा पावसात रानात जात असतील तर तो चालू ठेवावा. त्याने पडल्याचे ओळखणे थांबत नाही ना, एवढे मात्र आपल्या घड्याळावर एकदा तपासून घ्यावे.

आबांच्या घड्याळात चालणे आपोआप ओळखून व्यायामाची नोंद सुरू करणारी सोय चालू आहे का, तेही पाहा. काही घड्याळांत तिच्याबरोबर जीपीएसही सुरू होते. शेतात काम करणाऱ्या माणसाचे चालणे दिवसभर सुरूच असते, त्यामुळे घड्याळ दर थोड्या वेळाने नवा व्यायाम धरून बसत असेल.

बालिंग्याची लेक | बुधवार, रात्री १०:४०

सर्वांचे मनापासून आभार. आबांनी वहीत आकडे लिहून ठेवले, ते असे. साडेपाच ते साडेसात, रंकाळ्याची फेरी, १०० वरून ८८. साडेसात ते साडेनऊ, घरी, ८८ वरून ८३. साडेनऊ ते तीन, रानात, ८३ वरून २८. तीन ते सहा, पुन्हा घरी, २८ वरून १५. काल रात्री घड्याळ हातातच होते, तेव्हा आठ तासांत फक्त ८ टक्के उतरले. रात्री झोपेचा मोड लागतो आणि त्यात सतत पेटता डिस्प्ले आपोआप बंद होतो.

रानातल्या साडेपाच तासांत ५५ टक्के जातात हे पाहून मी चकित झाले. आपोआप व्यायाम ओळखण्याची सोय तपासली, ती चालू होती, पण तिच्यातले जीपीएस बंदच होते. मग रानात असे काय होते?

सायबर चौक | बुधवार, रात्री ११:१०

रात्री तासाला १ टक्का, घरी तासाला अडीच ते चार, आणि रानात तासाला १०. बॅटरी निकामी असती तर ती रात्रीही गळली असती. म्हणजे दुरुस्ती केंद्राचे निदान तेवढ्यापुरते बरोबर होते.

एकच प्रश्न विचारतो: रानात असताना आबांचा फोन कुठे असतो?

बालिंग्याची लेक | बुधवार, रात्री ११:२५

फोन पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खुंटीला अडकवलेल्या पिशवीत असतो. घामाने आणि पाण्याने भिजू नये म्हणून ते तो तिथेच ठेवतात.

सायबर चौक | गुरुवार, पहाटे ५:५०

उत्तर रात्रीच सुचले होते, पण ते नीट मांडून लिहावे म्हणून थांबलो.

घड्याळ आणि फोन यांच्यातले ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि अशा छोट्या उपकरणांमध्ये त्याचा पल्ला साधारण दहा मीटरचा धरावा. मधे खोलीची भिंत आली की तो घटतो. त्यातही या वारंवारितेच्या लहरी पाणी शोषून घेते, आणि पुरुषभर वाढलेला हिरवा ऊस म्हणजे पाण्याने भरलेल्या कांड्यांची भिंतच असते. आबा सरीत शिरले की घड्याळाचा फोनशी संबंध तुटतो. मग घड्याळ फोनला हाका मारत राहते, ओळखीचे वाय-फाय जवळ आहे का याचा शोध घेते, आणि आबा खोलीच्या जवळून गेले की पुन्हा जोडले जाऊन साचलेले सगळे संदेश एकदम उतरवून घेते. हे दिवसभर चालते. शांतपणे जोडलेले ब्लूटूथ फार थोडा खर्च करते, पण शोध घेणारे रेडिओ बॅटरी रिकामी करतात. तुमच्या तासाला १० टक्क्यांमागचे मोठे कारण हेच असावे असे मला वाटते.

मात्र बॅटरीपेक्षा मोठी बाब मला सांगायची आहे. सिम नसलेले घड्याळ माणूस पडल्याचे स्वतः ओळखू शकते, पण बातमी पोहोचवण्यासाठी त्याला फोन लागतो. फोन पल्ल्याच्या बाहेर असेल आणि ओळखीचे वाय-फायही नसेल, तर घड्याळ फक्त आबांच्या मनगटावरच थरथरेल आणि तुम्हाला काही कळणार नाही. म्हणजे ज्या साडेपाच तासांसाठी तुम्ही हे घड्याळ घेतले, त्याच साडेपाच तासांत ते तुमच्यापर्यंत पोहोचत नव्हते, मग बॅटरी १०० टक्के असती तरीही. फोन आबांच्या अंगावर राहिला तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतील.

आणखी एक तपासा. पडल्याचे ओळखण्याच्या सोयीला अनेक घड्याळांत ‘नेहमी’ आणि ‘फक्त व्यायामाच्या वेळी’ असे पर्याय असतात. तो ‘नेहमी’वर आहे ना, ते पाहा.

बालिंग्याची लेक | गुरुवार, सकाळी ६:३०

वाचून हात थंड पडले. सात महिने मी निश्चिंत होते. पर्याय ‘फक्त व्यायामाच्या वेळी’वर होता, तो आताच बदलला. आबांशी फोनविषयी आज बोलते.

घड्याळजी | गुरुवार, दुपारी ४:१५

माझे घड्याळदुरुस्तीचे काम वडिलांपासून चालत आले आहे. पूर्वी चावीची आणि क्वार्ट्झची घड्याळे येत, आता निम्मी कामे स्मार्टवॉचची असतात. दुकानात रोज जे पाहतो ते सांगतो.

ज्या घड्याळांना मागे पितळी टिकल्यांसारखे चार्जिंगचे संपर्कबिंदू असतात, त्यांवर घाम आणि मातीचा थर बसतो. रानातून आल्यावर तसेच ओले घड्याळ चार्जरवर ठेवले की ते बिंदू गंजतात. मग घड्याळ रात्रभर चार्जरवर असूनही पूर्ण भरत नाही आणि माणसाला बॅटरी खराब झाली असे वाटते. मऊ कोरड्या कापडाने पुसावे, थर जुना असेल तर कापसाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे, आणि पूर्ण वाळल्यावरच चार्जिंगला लावावे. सुईने किंवा पात्याने खरवडू नये.

पट्टा सैल असू नये. सैल पट्ट्यात सेन्सर आणि त्वचा यांच्यात फट राहते, नाडी सापडत नाही म्हणून घड्याळ दिव्यांचा प्रकाश वाढवते आणि मापन पुन्हा पुन्हा करते. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, करकचून नाही पण हलणार नाही इतपत, असा पट्टा बांधावा. आबांच्या वयाची माणसे पूर्वीच्या सवयीने पट्टा बांगडीसारखा सैल ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

पडदा एका कडेने उचलल्यासारखा दिसू लागला, तर आतली बॅटरी फुगली असे समजावे. तसे घड्याळ वापरू नये, चार्ज करू नये, आणि दाबून बसवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. बॅटरी बदलता येते, पण एकदा उघडलेल्या घड्याळाची पाण्यापासूनची सुरक्षा पूर्वीसारखी राहिली असे गृहीत धरू नका, मग पाठीवर काहीही छापलेले असो. मी गिऱ्हाइकाला हे आधीच सांगतो. काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणे हे उत्पादकांचे काम आहे.

ओतकाम शिरोली | गुरुवार, रात्री ८:००

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतशाळेत काम करतो. भट्टीतून निघणारा लोखंडाचा रस तेराशे-चौदाशे अंशांचा असतो. साच्यापासून अंतर राखून उभे राहिले तरी मनगटावरची धातूची वस्तू चटका देण्याइतकी तापते. माझ्या पहिल्या घड्याळाची बॅटरी वर्षभरात निम्म्यावर आली. कारण मला उशिरा कळले. पाळी संपली की मी तापलेले घड्याळ लगेच चार्जिंगला लावत असे, म्हणजे बॅटरी गरम असतानाच तिच्यात वीज भरत होतो. आता भट्टीजवळ जाताना घड्याळ काढून कपाटात ठेवतो आणि घरी आल्यावर ते गार होईपर्यंत अर्धा तास थांबतो. ॲपलसारखी कंपनी आपल्या घड्याळाच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा देते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा त्याच्या वर असतो, म्हणून उन्हात ठेवलेल्या मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली घड्याळ ठेवू नये.

रानात उन्हात काम करणाऱ्या आबांनाही हे लागू आहे. रानातून आल्या आल्या चार्जरवर ठेवू नये.

अणुरेणू | शुक्रवार, सकाळी ९:४५

मी रसायनशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. उष्णतेचा मुद्दा निघाला आहे तर त्यामागचे कारण सांगतो. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्या विकासासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीच्या ऋण ध्रुवावर एक पातळ थर तयार होतो. तो संरक्षक असतो, पण वाढत जातो, आणि वाढताना थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. तापमान जास्त असेल तर ही वाढ वेगाने होते. बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ राहिली तरीही झीज वाढते. म्हणून भरलेली आणि गरम अशी दोन्ही एकत्र असलेली बॅटरी सर्वांत लवकर म्हातारी होते.

माझा सल्ला असा आहे की रात्रभर १०० टक्क्यांवर चार्जरवर ठेवू नये आणि शक्यतो २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान वापर ठेवावा.

सायबर चौक | शुक्रवार, सकाळी ११:३०

सर, रसायनाविषयी आपण लिहिलेले पूर्ण मान्य आहे, पण आबांसाठी ८० टक्क्यांचा नियम मी सुचवणार नाही. ८० वर थांबलो तर दिवसाची सुरुवातच वीस टक्के कमी घेऊन होते, आणि हे घड्याळ दिवसभर चालू राहणे ही इथे पहिली गरज आहे. बॅटरी दोनऐवजी चार वर्षे टिकावी म्हणून रानात घड्याळ बंद पडण्याचा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

अणुरेणू | शुक्रवार, दुपारी १२:१०

आपले म्हणणे योग्य आहे. मी बॅटरीचे आयुष्य पाहत होतो, दिवसाची गरज माझ्या नजरेतून सुटली. मग मध्यम मार्ग असा सुचवतो: घड्याळ रात्री हातात असावे आणि पहाटे आंघोळ-चहाच्या वेळेत चार्जिंगला लावावे. रात्री आठ टक्केच उतरतात, तेव्हा झोपताना थोडी शिल्लक असली तरी चालते. असे केल्याने बॅटरी शंभरवर पोहोचताच हातात येईल आणि भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहणार नाही. शिवाय रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना पाय घसरला तर घड्याळ हातात असेल. वृद्धांच्या बाबतीत तो धोका रानातल्या बांधापेक्षा कमी नाही. अर्धी बॅटरी दोन वेळा भरणे म्हणजे दोन चार्ज होत नाहीत, मिळून एकच आवर्तन (चार्ज सायकल) मोजले जाते, त्यामुळे मधे मधे थोडे चार्ज करण्याची भीती बाळगू नये.

पापाची तिकटी | शुक्रवार, सायंकाळी ६:२०

एक शंका. एवढ्या खटाटोपापेक्षा पॉवर सेव्हिंगचे एकच बटण दाबले तर चालणार नाही का?

सायबर चौक | शुक्रवार, सायंकाळी ७:४०

ते बटण दाबण्याआधी त्याने काय काय बंद होते ते वाचावे. ॲपलने २०२२ मध्ये घड्याळांसाठी लो पॉवर मोड आणला, त्याने १८ तासांचे ३६ तास होतात असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. त्यात पडल्याचे ओळखणे चालू राहते, पण सतत पेटता डिस्प्ले बंद होतो आणि नाडी जास्त किंवा अनियमित झाल्याच्या सूचनाही बंद होतात. ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याने हे माहीत असल्याशिवाय तो मोड कायम लावून ठेवणे धोक्याचे आहे. प्रत्येक कंपनीच्या मोडची यादी वेगळी असते. प्रवासात चार्जर नाही, किंवा महापुरात वीज गेली आहे, अशा वेळी तो मोड जरूर वापरावा. २०१९ च्या महापुराच्या दिवसांत फोन चार्ज करण्यासाठी लोकांची काय धावपळ झाली हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

नवीन घड्याळ घेणाऱ्यांसाठी एक वाक्य जोडतो. ज्यांना फक्त वेळ, पावले आणि सूचना हव्या आहेत त्यांनी बाहेरचा उजेड परावर्तित करणाऱ्या पडद्याचे घड्याळ पाहावे. ॲमेझफिट बिपची बॅटरी अवघी १९० एमएएचची होती आणि कंपनी ४५ दिवसांचा दावा करत असे, तो अशा पडद्याच्या बळावर. २०२४ च्या वनप्लस वॉच २ मध्ये जड कामांना एक चिप आणि हलक्या कामांना दुसरी अशी योजना करून १०० तास सांगितले गेले.

बालिंग्याची लेक | पुढील गुरुवार, रात्री ९:३०

आठवडाभर एका वेळी एकच बदल करून पाहिला. प्रत्येकाने वेळ काढून लिहिले आहे, म्हणून सगळे तपशील देते.

आबांना फोन अंगावर ठेवण्यासाठी राजी करायला दोन दिवस लागले. ते म्हणाले, खिशात फोन असला की वाकताना टोचतो आणि चिखलात पडायची भीती वाटते. शेवटी आमच्या शिंप्याकडून त्यांच्या बंडीला आतून, काखेच्या खाली, झाकण असलेला खिसा शिवून घेतला आणि फोनला पाणी न लागणारी पिशवी आणली. फक्त एवढ्या बदलाने रानातला खर्च ५५ टक्क्यांवरून ३० वर आला. तोपर्यंत पडल्याचे ओळखण्याच्या पर्यायाशिवाय एकही सेटिंग बदलले नव्हते.

त्यानंतर घड्याळाचे वाय-फाय बंद केले आणि दोन दिवसांनी सतत पेटता डिस्प्ले बंद केला. सेकंदकाटा आणि हवामान दाखवणारी रंगीत तबकडी काढून काळ्या पार्श्वभूमीवर मोठे आकडे असलेली तबकडी लावली. ती आबांना चष्म्याशिवाय वाचता येते, त्यामुळे हा बदल त्यांना सर्वांत जास्त आवडला. सूचनांमध्ये फोन कॉल, माझे संदेश आणि बँकेचे संदेश एवढेच ठेवले. भावकीच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभरात येणाऱ्या शुभेच्छांनी घड्याळ किती वेळा थरथरत होते, हे यादी पाहिल्यावर कळले. रंकाळ्याच्या फेरीसाठी घड्याळाऐवजी फोनचे जीपीएस वापरायचा पर्याय निवडला. पट्टा एक भोक घट्ट केला आणि मागचे संपर्कबिंदू पुसले तेव्हा कापड काळे झाले.

नाडीचे मापन सततच ठेवले आहे. झोपेत रक्तातील ऑक्सिजन मोजणे बंद केले आहे, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून ते चालू करायचे की नाही ते ठरवेन. पडल्याचे ओळखणे ‘नेहमी’वर आहे.

आजचे आकडे: फेरीत ७ टक्के, न्याहारीपर्यंत ४, रानात १९, आणि दुपारी तीनपासून आत्ता रात्री नऊपर्यंत १५. आबांनी फोनवर सांगितलेला आकडा ५५ आहे.

घड्याळजी | पुढील गुरुवार, रात्री १०:०५

फार छान. एक सुचवतो. रानात प्रत्यक्ष उभे राहून एकदा आपत्कालीन संदेशाची चाचणी घ्या, कारण घरात पोहोचणारा संदेश उसाच्या सरीतून पोहोचेलच असे नाही. तेथे मोबाईलची रेंज कुठे तुटते हेही कळेल.

बालिंग्याची लेक | पुढील रविवार, दुपारी १२:५०

आज सकाळी आबांबरोबर रानात गेले होते. घड्याळाचे बटण दाबून आपत्कालीन संदेशाची चाचणी घेतली. मोटारीच्या खोलीजवळून संदेश लगेच आला. उसाच्या मधोमध उभे राहून पाठवला, तेव्हाही माझ्या आणि भावाच्या फोनवर आला. ओढ्याकडच्या खालच्या पट्टीत मात्र फोनलाच रेंज नाही, तिथून संदेश निघाला नाही. त्या पट्टीत यापुढे एकट्याने जायचे नाही, शेजारच्या रानातल्या काकांना हाक मारून जायचे, असे आबांनी कबूल केले आहे. परत निघालो तेव्हा बॅटरी ७४ टक्के होती.